टिकाऊ गाडीची निवड: अंकुशनगर परिसरापुरते विवेचन

टिकाऊ आणि परवडणारी चारचाकी म्हणजे मुलीच्या बारशाला दारात आलेली आणि तिच्या दहावीच्या पेपरला तिला केंद्रावर वेळेत सोडणारी गाडी. कायद्याचा हिशेबही जवळपास तेवढाच आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतरही गाडी धावू शकते, पण दर पाच वर्षांनी तिला आपण जिवंत असल्याचा दाखला आरटीओकडून घ्यावा लागतो. या १५ वर्षांत सरपंच तीनदा निवडून येतो, विहिरीवरची मोटर अनेकदा जळते आणि गाडी घेताना ज्यांनी सल्ले दिले त्यांतील निम्मे लोक बोलायचे बंद होतात. म्हणून निवड सावकाश करावी असे सर्व जाणकार सांगतात. प्रत्यक्षात ती उसाचे बिल खात्यावर पडल्यापासून आठवड्याच्या आत होते.

अंकुशनगर हे जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेले ठिकाण. कारखान्याला आता कर्मयोगी अंकुशराव टोपे यांचे नाव जोडलेले आहे. जवळून धुळे-सोलापूर महामार्ग जातो, पुढे शहागडला गोदावरी लागते आणि पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो. या भूगोलामुळे गाडीवर तीन वेगवेगळी कामे एकाच फेरीत येऊन पडतात. शेतातून निघताना पाणंद रस्ता असतो; त्यावरची काळी माती पावसाळ्यात चाकाच्या आणि मडगार्डाच्या मधली जागा पूर्ण भरून काढते. महामार्गाला लागल्यावर मागून येणाऱ्या खासगी बसला ताशी १०० चा वेगही कमी वाटतो. आणि गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, कारखान्याच्या वाटेवर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असतो. त्याच्यामागे पहिला-दुसरा गिअर, अर्धा क्लच आणि पूर्ण संयम यांवर प्रवास होतो. ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली असतात की हॉर्न ही केवळ औपचारिकता उरते. कंपन्यांच्या चाचणीपट्टीवर यांतले पहिले आणि तिसरे काम धरलेले नसते.

किंमत प्रथम टनात काढली जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, ठरवली. उतारा कमी, तोडणी वजा, वाहतूक वजा असे होत शेतकऱ्याच्या हाती २,७०० रुपये पडले असे धरले, तर सहा लाखांची गाडी २२२ टनांची होते. एकरी ४० टन धरले तर साडेपाच एकर. घरातील आजोबा हा हिशेब कागद न घेता करतात आणि साडेपाच एकराचा ऊस दारात नुसता उभा राहून वर पेट्रोल पिणार, एवढेच म्हणून पुन्हा अडकित्ता हातात घेतात. गाडीच्या किमतीबद्दल याहून अचूक मत शोरूममध्ये मिळत नाही.

परवडणे म्हणजे मात्र किंमत नव्हे. दोन तारखांमधले अंतर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे. बँकेचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. पहिली तारीख सरकते, दुसरी सरकत नाही, आणि या फटीत गाडी, सोने व सिबिल स्कोअर असे तिन्ही अडकू शकतात. ट्रॅक्टरच्या कर्जाला असतो तसा सहामाही हप्ता काही वित्तसंस्था चारचाकीलाही देतात. तो विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि शोरूमच्या वातानुकूलित खोलीत हातात कोल्ड्रिंक दिल्यावर विचारायचे राहून जाते.

तिथे ज्या किमतीपासून बोलणे सुरू होते ती एक्स-शोरूम. तिच्यावर दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के एकरकमी रस्ताकर, तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा, नोंदणी, फास्टॅग आणि कोणी न मागितलेले सीटकव्हर चढून ऑन-रोड किंमत तयार होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे सुख. छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंतची. ही चार मीटरची रेघ २००६ पासून आहे आणि भारतीय गाड्यांचा आकार अभियंत्यांपेक्षा तिनेच अधिक ठरवला. २०१२ मध्ये डिझायरची डिकी याच रेघेसाठी आखूड झाली. कर वाचला, युरियाची एक गोणी घरी राहिली.

एकत्र खरेदी केल्यास भाव पाडून मिळतो, हे मराठवाड्याला ठाऊक नाही असे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, डॉक्टर, व्यावसायिकांनी गट करून दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा झाला आणि देशभर त्याची बातमी झाली. ऊस गाळण्यासाठी सहकार स्वीकारलेल्या शिवारात मात्र गाडी प्रत्येकजण एकेकटाच घेतो आणि शेजाऱ्यापेक्षा पाच हजार जास्त देऊन येतो. शेजाऱ्याने घेतली त्याच्या वरचे मॉडेल हवे असते, हे त्याचे कारण.

निवड करणारी समिती घरचीच असते. तिच्यात मामा, दाजी, एक चुलते, कारखान्यातला ओळखीचा चिटबॉय आणि पुण्यात ‘कंपनीत’ असलेला मेव्हणा असतो. मेव्हणा चाकणला आहे एवढे सर्वांना माहीत असते. तिथे तो गाड्यांच्या कारखान्यात नसून बिस्किटांच्या गोदामात आहे, ही बाब चर्चेत आणली जात नाही. ज्याची गाडी तो बहुधा बोलत नाही. ज्याला ती चालवायची असते, म्हणजे पुतण्या, त्याचे मत ठरलेले असते: सनरूफ पाहिजे.

समितीचा पहिला प्रश्न, ॲव्हरेज किती देते? कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, हे माहीत असूनही तो पाठ केला जातो आणि नंतर आयुष्यभर त्याच्याशी भांडण चालते. दुसरी परीक्षा पत्र्याची. चुलते बॉनेटवर अंगठा दाबून बघतात. अंगठ्याने दबला तर ‘डबा’ आणि नाही दबला तर ‘लोखंड’, असे वर्गीकरण पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. वास्तविक बाहेरचा पत्रा हे फक्त कातडे. अपघातात माणूस वाचतो तो आतल्या सांगाड्यामुळे, आणि पुढचा भाग चुरगळावा म्हणूनच बनवलेला असतो. आदळण्याचा जोर त्याने खाल्ला तर बसणाऱ्यांपर्यंत कमी पोचतो. अंगठ्याला यातले काहीच कळत नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या अपघातचाचणी घेणाऱ्या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या तेव्हा पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यानंतर चालकाची एअरबॅग २०१९ पासून आणि शेजारच्याची २०२२ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली, एबीएस ब्रेक आले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप हे आपले स्वतःचे मानांकन सुरू झाले. १५ वर्षे घरात राहणाऱ्या वस्तूबद्दल तारे विचारणे हा ॲव्हरेजपेक्षा शहाणा प्रश्न आहे. तो विचारला जातो, पण उत्तर ऐकून झाल्यावर मागच्या सीटवर पाच माणसे व दोन मुले बसतात आणि सीटबेल्टची कुलपे गादीखाली दडपलेली राहतात.

इंधनाचा मुद्दा अंकुशनगरात सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण इथे गाडीचा मालक आणि इंधनाचा उत्पादक एकच माणूस असतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे उद्दिष्ट २०३० साठी होते ते अलीकडे ओढून देशाने २०२५ मध्येच गाठले. इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून आणि धान्यापासून होते. टनभर उसाचा रस थेट वापरला तर साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते, म्हणजे ३५० लिटर मिश्रणाची सोय. लिटरला १८ किलोमीटर धरले तर एक टन ऊस गाडीला सहा हजारांवर किलोमीटर साथ देतो. ऊस उत्पादकांच्या बैठकीत या धोरणाला टाळ्या पडतात. तोच माणूस दुपारी पंपावर येतो तेव्हा पेट्रोलमध्ये आता दम राहिला नाही म्हणतो. दोन्ही वेळा तो खरेच बोलतो. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. सरकारी सांगण्यानुसार नव्या जुळणीच्या गाड्यांत एक-दोन टक्के, इतरांत तीन ते सहा. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या आहेत. त्याआधीच्या जुन्या गाड्यांत रबरी नळ्या व गॅस्केट लवकर बदलावे लागण्याची शक्यता असते. आपलाच ऊस आपल्याच गाडीचे रबर खातो, या परिस्थितीवर अजून कोणत्याही संघटनेने भूमिका घेतलेली नाही.

डिझेलची ओढ ट्रॅक्टरमुळे आहे. घरी डिझेलचा कॅन असतोच, मग गाडीही तीच घ्यावी, असा तर्क. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर छोट्या गाड्यांतले डिझेल इंजिन जवळजवळ संपले. मारुतीने तर डिझेलच बंद केले. जी मोठी डिझेल वाहने राहिली त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती तापून स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग लांब पळावी लागते. घर ते कारखाना गेट, गेट ते चहाची टपरी, टपरी ते घर, एवढ्यावर ती चोंदते आणि पुढ्यातला दिवा पिवळा होतो. पुतण्याला संभाजीनगरला जाऊन येण्यासाठी हे वैद्यकीय कारण पुरते. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकी डिकीत बसते आणि दर तीन वर्षांनी तिची दाबचाचणी करावी लागते. ज्या घरात डिकी हे गोदामाचे विस्तारित अंग आहे तिथे हा सौदा सासूबाईंना पटत नाही. विजेची गाडी रोज ठराविक अंतर जाणाऱ्या नोकरदाराला चांगली. शेतीपंपाला वीज रात्री मिळते की दिवसा, यावर ज्यांची झोप ठरते त्यांना आणखी एक यंत्र त्याच वेळापत्रकाला जोडायचा उत्साह नसतो. उरते ते साधे पेट्रोल: टर्बो नसलेले, तीन किंवा चार सिलिंडरचे, हाताने गिअर टाकायचे इंजिन. त्याच्याबद्दल समितीत कोणी उत्साहाने बोलत नाही. ज्यात बिघडण्यासारखे कमी असते त्यात बोलण्यासारखेही कमी असते.

टिकाऊपणाचा खरा निकाल शोरूममध्ये लागत नाही. तो शहागड-वडीगोद्रीच्या बाजूला, रस्त्याकडेच्या गॅरेजात लागतो. तिथला मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ऐकतो. कुठला बेअरिंग कुरकुरतो हे त्याला समजते आणि मालकाला समजावण्याची त्याला गरज वाटत नाही. ज्या दिवशी तो ‘याला लॅपटॉप लावावा लागंल’ म्हणतो त्या दिवशी गाडी त्याच्या हातून गेली. मग जालना किंवा संभाजीनगर, सर्व्हिस ॲडव्हायझर, अंदाजपत्रक आणि तिथल्या सोफ्यावर घालवलेला दिवस. या भागापुरते सांगायचे तर, लॅपटॉपाविना सुटणाऱ्या दुखण्यांचे प्रमाण जितके अधिक तितकी गाडी टिकाऊ. गाड्यांचा कारखाना जवळ असण्याचाही उपयोग नाही. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात, तरी गावच्या दुकानात खिळ्याला टांगलेला फिल्टर मारुतीचा असतो.

सुट्या भागांचे हे गणित फार जुने आहे. डिसेंबर १९८३ मध्ये ४७,५०० रुपयांना निघालेली मारुती ८०० जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. तिचा कुठलाही भाग कुठल्याही तालुक्यात मिळे, आणि न मिळाला तर दुसऱ्या ८०० मधून काढता येई. टाटांच्या नॅनोने २००९ मध्ये किंमत लाखाच्या घरात आणून दाखवली, पण सर्वांत स्वस्त अशी ओळख असलेली गाडी पाहुण्यांसमोर उभी करायची कोणाची तयारी नव्हती. २०१८ मध्ये ती थांबली. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. गाड्या त्यांच्याही वाईट नव्हत्या. पण १५ वर्षांचा संसार मांडताना समोरचा मुक्काम हलवणार नाही ना, एवढे पाहावेच लागते. बोलेरो २००० पासून आहे, दिसायला बदलण्याची तिला घाई नाही, आणि पाणंदीत तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. ती सरपंचाची गाडी समजली जाते. त्यामुळे माजी सरपंच ती विकत नाहीत.

रंग पांढरा घ्यावा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना पांढरी गाडी काळीपेक्षा कमी तापते. पुढे विकतानाही सोपे जाते. सनरूफबद्दलही एवढेच म्हणता येते की वर्षातले आठ महिने ते उघडले तर ऊन येते, उरलेल्या चार महिन्यांत पाऊस. त्याचा मान्यताप्राप्त उपयोग वरातीत आणि निकालाच्या दिवशी गुलाल उधळताना होतो. काचेवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी केली आहे. ही बातमी काही गाड्यांच्या आतपर्यंत पोचलेली नाही, कारण आतून बाहेरचे नीट दिसत नाही.

बजेट आक्रसले की जुनी गाडी बघितली जाते. जुन्या गाडीचा मालक नेहमी डॉक्टर असतो. तो गाडी फक्त रविवारी काढत असे. बाजारातल्या अशा गाड्या मोजल्या तर मराठवाड्यात डॉक्टरांची टंचाई आहे यावर विश्वास बसत नाही. मीटर मागे फिरवता येते, म्हणून मीटर वाचू नये. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर वाचावे, स्टिअरिंगची झिजलेली कड बघावी, टायरवरचा उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारा चार आकडी छाप पाहावा, आणि सर्व्हिसची नोंद मागावी. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे पेडल गुळगुळीत झाले असेल, तर डॉक्टरसाहेबांना रविवारी फार काम असावे. दिल्लीत दहा वर्षांचे डिझेल आणि १५ वर्षांचे पेट्रोल यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या दक्षिणेकडे येऊ लागल्या. त्या स्वस्त दिसतात. मग तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र, इकडचा कर, नाव बदलण्याचे २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने, एजंट आणि त्याचा चहा असे होत किंमत इथल्या गाडीएवढी होते, फक्त एमएच-२१ पासिंगऐवजी मनस्ताप मिळतो.

गाडी घेऊन झाल्यावर ती टिकवण्याचे काम उरते, आणि ते यंत्रापेक्षा नात्यांशी अधिक निगडित आहे. यंत्राचे थोडक्यात: वर्षाला किंवा दहा हजार किलोमीटरला ऑइल, धूळ जास्त म्हणून एअर फिल्टर त्याआधीच, कूलंटच्या जागी कालव्याचे पाणी नाही, पावसाळ्यानंतर गाडीखालची काळी माती धुऊन काढणे, आणि रबर चांगले दिसले तरी फार जुने टायर बदलणे. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे. तिथे तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर तासभर पळवला की काय होते, याच्या बातम्या जालन्याच्या वाचकांना नव्या नाहीत. उंदीर हा वेगळा विषय आहे. बाजूला ऊस आणि ओसरीत सोयाबीनची पोती असताना बॉनेटखालची ऊब त्याला आवडते आणि वायरींचे आवरण दाताला बरे लागते. बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय सर्वत्र प्रचलित आहे. तो उंदरावर चालतो की नाही यावर एकमत नाही, पण मिस्त्री बॉनेट उघडल्यावर पाने कमी होतात हे निश्चित.

नात्यांचे मात्र विस्ताराने सांगावे लागेल. गावात गाडी एकाची असली तरी तिच्यावर हक्क भावकीचा असतो. बाळंतपण, तेरावा, मुलगी पाहायला जाणे, पंढरपूर, बोअरच्या मशीनवाल्याला आणणे, या कामांना नाही म्हणता येत नाही. मागून नेलेली गाडी स्वच्छ धुऊन परत येते आणि टाकीचा काटा लाल रेषेवर असतो. धुण्यामागचा हेतू डाव्या दरवाजावरच्या नव्या ओरखड्याकडे लक्ष जाऊ नये हा. पाच जणांच्या गाडीत नऊ जण गेले हे मागच्या स्प्रिंगला आणि शॉकअपला महिनाभराने कळते. यावर काहींनी गाडीला ‘काम निघालंय’ असे कायमचे सांगून ठेवण्याचा मार्ग काढला आहे. त्यात अडचण एवढीच की मग मालकालाही ती बाहेर काढता येत नाही.

पंधराव्या वर्षी नोंदणीचे नूतनीकरण येते. एप्रिल २०२२ मध्ये याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर आणि गाडी तंदुरुस्त असल्याची तपासणी. इंजिन ठीक, पत्रा न गंजलेला आणि मिस्त्री अजून धंद्यात असेल तर पैसे भरून आणखी पाच वर्षे काढणे नव्या २२२ टनांपेक्षा स्वस्तच. तसे नसेल तर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी देऊन जमा प्रमाणपत्र घ्यायचे, ज्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवूनच सळई करतात, त्यामुळे या जिल्ह्यातल्या गाडीला शेवटी फार लांब जावे लागत नाही.

नोंदणी रद्द करण्यापूर्वी गाडीच्या नावावरचे सगळे ई-चलान भरावे लागतात. एजंट मोबाइलवर यादी काढतो आणि १५ वर्षांत गाडी कुठे कुठे गेली ते मालकाला पहिल्यांदा तारीखवार कळते. शिर्डी असते, पंढरपूर असते, समृद्धीवर ताशी १३८ असते. गोव्याचे चलान निघाले की पुतण्याला बोलावणे जाते.